समंद रंगाचा फ्योर्ड आणि त्याचे थंड रक्ताचे भाऊबंद

फ्योर्ड घोड्याच्या मानेवर हात ठेवा. आयाळीच्या मुळाशी बोटं रोवली की खाली जाड, भरीव मान लागते. ती मऊ असेल, दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे हलत असेल, तर घोडा ठीक आहे. तीच लाकडासारखी घट्ट लागली, हलवून हलेना, तर घोडा कितीही देखणा दिसो, खुरांचं दुखणं दारात येऊन उभं आहे असं समजावं. या घोड्याचं सगळ्यात मोठं कौतुक आणि सगळ्यात मोठी काळजी या एकाच जागी हाताला लागतात. थोडक्यात भागवणारं जनावर आहे हे, आणि थोडक्यात भागवणाऱ्याला भरपूर मिळालं की ते बिघडतं.

नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या ‘थंड रक्ताच्या’ घोड्यांचं हे परीक्षण आहे. त्या देशांत राहणारी बरीच मराठी कुटुंबं मुलांना घोडेस्वारी शिकवायला पाठवतात. काही जण दुसऱ्याचा घोडा आठवड्यातून दोन-तीन दिवस सांभाळून त्यावर बसतात. स्वीडनमध्ये अशा भागीदार स्वाराला ‘मेदर्युत्तारे’ म्हणतात. काही जण पुढे स्वतःचा घोडा घेतात. त्यांना कोणता घोडा कशासाठी चांगला आणि तो कुठे फसवतो हे आधीच कळावं, म्हणून हा तपशील.

‘थंड रक्त’ हा शब्द स्वभावाचा आणि बांध्याचा आहे. थर्मामीटर लावला तर नॉर्वेच्या घोड्याचं अंगही 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअसमध्येच भरतं, काठियावाडीसारखंच. अरबी, थरोब्रेड, आपल्याकडचे काठियावाडी आणि मारवाडी हे दुसऱ्या टोकाचे: कातडी पातळ, शिरा वर दिसणाऱ्या, कान सतत फिरते, दचकले की आधी उडी आणि मग विचार. थंड रक्ताचा घोडा दचकतो तो बहुधा जागच्या जागी. पाय रोवतो, बघतो, मग ठरवतो. हाडं जाड, मान आखूड, पुठ्ठे गोल, हिवाळ्यात अंगावर दोन थरांचे दाट केस. नवख्या स्वाराच्या जिवाला या थांबून बघण्याची किंमत फार मोठी आहे.

आधी फ्योर्डच. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याचा हा घोडा. उंची साधारण 135 ते 150 सेंटीमीटर, वजन 400 ते 500 किलो. आपल्या जुन्या अश्वपरीक्षेच्या भाषेत रंग समंद: अंग पिवळसर, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गडद पट्टा, बऱ्याच घोड्यांच्या पायांवर झेब्र्यासारखे आडवे पट्टे. दहापैकी जवळपास नऊ फ्योर्ड याच तपकिरी-समंद छटेचे असतात. बाकीच्यांत तांबूस, राखाडी, फिकट पांढरट आणि क्वचित पिवळी छटा. प्रत्येक फ्योर्डमध्ये रंग फिका करणारा हा समंद जनुक दोन्ही बाजूंनी असतो, त्यामुळे रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली याचा एक केस पाहिला तर रंगद्रव्य केसाच्या एकाच बाजूला साठलेलं दिसतं आणि दुसरी बाजू जवळपास रिकामी. लांबून घोडा फिका दिसतो तो यामुळे. पाठीच्या पट्ट्यातल्या केसांत मात्र रंग सगळीकडून भरलेला असतो.

आयाळ ही या जातीची सही. मधोमध काळ्या केसांची रेघ आणि दोन्ही बाजूंना पांढरे केस. ही आयाळ उभी ठेवून चंद्रकोरीच्या आकारात कापतात. कापायची रीत ठरलेली आहे: आधी सगळी आयाळ एका सलग कमानीत, मानेच्या मध्यावर सगळ्यात उंच आणि कानांकडे व खांद्याकडे उतरती. मग बाहेरचे पांढरे केस आतल्या काळ्यापेक्षा एक-दोन सेंटीमीटर खाली घ्यायचे, म्हणजे काळी रेघ ठसठशीत वर उठते. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा कात्री लागते. कापताना घोड्याची मान सरळ हवी. मान वळलेली असताना कापलं की कमान वाकडी येते आणि केस वाढेपर्यंत तशीच राहते. आयाळ वाढू दिली तर ती जड होऊन एका बाजूला पडते आणि मानेवर चढलेली चरबी तिच्याखाली झाकली जाते. निव्वळ शोभेपलीकडे उभ्या आयाळीचा हा खरा उपयोग आहे: मान उघडी राहते आणि मालकाची नजर तिच्यावर पडत राहते.

आजचे सगळे फ्योर्ड 1891 साली जन्मलेल्या न्योल 166 या नराच्या वंशातले आहेत. त्याआधी फ्योर्डला मोठा आणि जड करण्यासाठी डोल जातीचं रक्त घालून पाहिलं होतं. पिल्लांत रंग आणि ठेवण बिघडायला लागली, तेव्हा 1907 च्या सुमाराला पैदासकारांनी ती वाट सोडली आणि संकराची जनावरं पैदाशीतून काढली. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. घोडा मोठा झाला नाही, पण अरुंद, उतरत्या शेतात वळणारा आणि चढावर श्वास टिकवणारा राहिला. आज नॉर्वेतलं फ्योर्ड घोड्यांचं केंद्र नूरफ्योर्डाइड या गावी आहे. पश्चिम नॉर्वेच्या प्रवासाला जाणार असाल आणि घोड्यांची आवड असेल, तर हे गाव वाटेत घ्याच.

स्वारीला फ्योर्ड कसा? चाल भक्कम, दुडकी आखूड आणि उत्साही, कँटर (दुडकी आणि चौफेर यांच्यामधली चाल) सरासरी. दुडकीत पाठीवर धक्के बसतात, म्हणून उठबस करत दुडकी मारायला शिकल्याशिवाय लांबच्या फेरीला जाऊ नये. मूळ अडचण खोगिराची आहे. पाठ रुंद, पिंपासारखी, आणि मानेखालचा उंचवटा सपाट, त्यामुळे खोगीर बाजूला फिरतं. सांगाडा अरुंद असेल तर ते खांद्याच्या फऱ्यावर चिमटा घेतं आणि घोडा आखूड पावलं टाकायला लागतो. गरजेपेक्षा रुंद घेतलं तर ते पुढे बसतं आणि थेट उंचवट्यावर दाब येतो. रुंद सांगाड्याचं, खालची गादी सपाट असलेलं खोगीर घ्यावं. उतारावर ते पुढे सरकतच असेल तर दुमची (शेपटीखालून खोगिराला बांधायची वादी) लावावी. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून खोगीर जागेवर ठेवायचा प्रयत्न करू नये, त्याने कोपराच्या मागे घासतं. वजनाचा साधा हिशेब म्हणजे स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांत बसले पाहिजेत. 450 किलोच्या फ्योर्डला ते साधारण 68 ते 90 किलो होतात. हा 450 आकडा सुदृढ अंगाचा धरायचा. घोडा लठ्ठ होऊन 500 वर गेला म्हणून तो जास्त ओझं उचलू शकत नाही. उलट पन्नास किलो चरबीचं ओझं तो आधीच वाहतोय.

स्वभाव गोड, शिकायला तल्लख, आणि खाण्यापुढे कुणाचं ऐकणार नाही. शांत आहे म्हणून मुलाच्या हाती दिलेला फ्योर्ड गवत दिसलं की मान खाली घालतो आणि मुलाला लगामासकट पुढे ओढतो. दोनदा जमलं की ती सवय होते. पहिल्या दिवसापासून एकच नियम ठेवावा: तोंडात लगामाची कडी असताना खाणं नाही. कुंपणाचंही तसंच. साध्या लाकडी कुंपणावर तो छाती टेकून रेलतो आणि पलीकडच्या गवतासाठी खांब कलंडवतो. विजेची पट्टी लावली तरच कुंपण टिकतं.

आता ओढकामाचा घोडा. स्वीडनचा नुर्दस्वेन्स्क, म्हणजे उत्तर स्वीडिश, हा आमच्या मते या सगळ्यांत सर्वात कमी ओळखला जाणारा आणि सर्वात जास्त मान द्यावा असा. उंची दीड मीटरच्या थोडी वर, अंग आटोपशीर, पाय त्या मानाने बारीक, चाल लांब आणि चपळ. त्याच्या पैदाशीसाठी येम्टलंडमध्ये वोंगेन इथे 1903 साली नर घोड्यांचं केंद्र सुरू झालं. या जातीचा विशेष असा, की पैदाशीचा नर निव्वळ रूप पाहून ठरवत नाहीत. ओढकामाची चाचणी घेतात. त्यात जोराइतकीच वागणूक पाहतात: ओझं अडकलं तर घोडा हिसके देतो की शांतपणे पुन्हा अंग टाकतो, हाकणारा थांब म्हणाला की थांबतो का, थांबल्यावर उभा राहतो का. जंगलात या शेवटच्या गुणावर माणसाचे हातपाय अवलंबून असतात. ओंडक्याला साखळी बांधायला हाकणारा खाली वाकलेला असताना घोडा एक पाऊल पुढे गेला, तर बोटं साखळीत जातात.

जोराचा हिशेब बैल हाकणाऱ्यांना लगेच कळेल. घोडा दिवसभर सातत्याने ओढू शकतो तो साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर. म्हणजे 650 किलोच्या घोड्याचा सततचा जोर 65 किलोच्या आसपास. क्षणभर तो याच्या कितीतरी पट लावतो, पण त्या क्षणावर दिवसाचं काम धरता येत नाही. उघड्या जमिनीवर ओंडका फरफटत न्यायला ओंडक्याच्या वजनाच्या सुमारे निम्मा जोर लागतो, म्हणजे सवा-दीडशे किलोच्या ओंडक्यावर घोडा दमायला लागला. त्याच ओंडक्याचं एक टोक कमानीच्या गाडीवर उचललं की जोर बराच कमी होतो, आणि दबलेल्या बर्फावर घसरगाडी असेल तर घोडा कित्येक पट जास्त माल नेतो. उत्तर स्वीडनमध्ये लाकूड काढायचं काम पूर्वी हिवाळ्यात चालायचं त्याचं हे मोठं कारण. आजही दाट जंगलात, जिथे यंत्राच्या चाकांनी मुळं तुटतात आणि ओली जमीन घट्ट दबते, तिथे विरळणीच्या कामाला हा घोडा वापरला जातो.

इथला साजही पाहण्यासारखा आहे. या घोड्याच्या गळ्यात गादीचं कडं आणि त्यावर दोन लाकडी पाट असतात, आणि गाडीचे दांडे थेट त्या पाटांनाच अडकवतात. मध्ये लोंबणाऱ्या वाद्या नाहीत. त्यामुळे घोडा त्याच दांड्यांनी ओढतो, त्यांनीच वळवतो आणि उतारावर त्यांनीच ओझं मागे धरून ठेवतो. झाडांच्या बुंध्यांत सैल वादी अडकायचा प्रश्नच येत नाही. चूक होते ती कड्याच्या मापात. कडं बसवल्यावर खाली गळ्याच्या नळीपाशी सपाट हात आत जायला हवा आणि दोन्ही बाजूंना ते अंगासरशी बसायला हवं. खाली जागा नसेल तर चढावर श्वास कोंडतो. बाजूंना सैल असेल तर प्रत्येक पावलाला ते घासतं आणि खांद्यावर जखम होते. वाईट जुवाने बैलाला खांदेसूज होते, तसंच हे. हिवाळ्यात बसणारं कडं उन्हाळ्यात घोडा उतरला की सैल होतं, म्हणून मोसम बदलला की माप पुन्हा तपासायचं. काम संपल्यावर कडं लगेच काढू नये. पाच-दहा मिनिटं अंगावरच राहू द्यावं आणि मग खालची घामेजलेली कातडी पुसून हाताने चाचपावी. गरम, दुखरी, केस उलटे झालेली जागा सापडली तर दुसऱ्या दिवशी त्या घोड्याला सुट्टी.

डोल हा नॉर्वेच्या गुडब्रान्ड्सडाल खोऱ्याचा घोडा. रंग बहुधा कुमैत (लालसर तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), गडद तपकिरी किंवा काळा. या जातीचे दोन प्रवाह आहेत. 1849 साली जन्मलेल्या वाइक्ले बाल्डरच्या वंशातून जड, ओढकामाचा डोल आला. 1834 साली नॉर्वेत आणलेल्या ओडिन नावाच्या नराच्या वंशातून हलका, पळणारा. घेणाऱ्याने आधी हे विचारावं की समोरचा घोडा कोणत्या बाजूला झुकतो, कारण जड डोल आणि हलका डोल यांचं अंग, खाणं आणि हाताळणी बरीच वेगळी पडते. डोल नरांच्या पायांचे एक्स-रे पाहून मगच पैदाशीची परवानगी देतात आणि त्याला कारण आहे. या उत्तरेकडच्या जातींमध्ये खुराच्या दोन्ही बाजूंच्या लवचीक कुर्च्या वयाप्रमाणे हाड होत जातात. थोड्या प्रमाणात असेल तर घोडा बहुधा कधीच लंगडत नाही. वरपर्यंत हाड झालं असेल, किंवा एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर कडक रस्त्यावर दुखायला लागतं. सहा वर्षांवरचा डोल किंवा पुढे येणारा दुडकीचा शर्यती घोडा घेताना पुढच्या दोन्ही खुरांचा एक्स-रे मागावाच. त्या पैशांत कंजुषी नको.

हलक्या डोलच्या आणि नुर्दस्वेन्स्कच्या रक्तातून आला तो थंड रक्ताचा दुडकीचा शर्यती घोडा, नॉर्वे आणि स्वीडनचा सामाईक. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या शर्यती पाहणाऱ्याला इथे डोळ्यांची सवय बदलावी लागते. इथे घोडा दोन चाकांची हलकी गाडी ओढत दुडकीनेच पळतो. चौफेर उधळला तर चूक धरतात आणि हाकणाऱ्याला त्याला आवरावं लागतं. वेळ किलोमीटरमागे मोजतात. येर्व्सोफाक्स या स्वीडिश घोड्याने 234 शर्यतींपैकी 201 जिंकल्या, आणि त्याची वेळ किलोमीटरला 1 मिनिट 17.9 सेकंदांपर्यंत आली. म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर, जाड हाडांच्या, केसाळ पायांच्या घोड्याचा, आणि तोही दुडकीत. या घोड्याला पळताना एकदा तरी प्रत्यक्ष पाहावं. स्टॉकहोमच्या सोल्व्हाला ट्रॅकवर यांच्या वेगळ्या शर्यती होतात.

दुडकीत टिकून राहण्यामागे एक जनुकही आहे, 2012 साली उप्साला इथल्या संशोधकांच्या कामातून पुढे आलेला. त्यातल्या एका बदलामुळे घोडा जास्त वेगातही चौफेर न सुटता चाल धरून ठेवतो. आइसलँडच्या घोड्यांच्या पाच चालींमागेही हाच बदल आहे. अमेरिकन वंशाच्या शर्यती घोड्यांत तो जवळपास सगळ्यांत असतो. थंड रक्ताच्या दुडकीवाल्यांत मात्र काहींत दोन्ही बाजूंनी, काहींत एकाच बाजूने आणि काहींत अजिबात नाही. म्हणून शर्यतीतून काढलेला घोडा स्वारीसाठी स्वस्तात घेताना त्याला कँटर येतो का ते चढून पाहावं. काहींना तो शिकवायला वर्ष लागतं.

याच घोड्यात एक दोष वारसाने येतो, आणि तो विक्रेत्याच्या अंगणात दिसत नाही. घोडा मोकळ्या मानेने पळताना ठीक असतो. लगाम ओढून हनुवटी छातीकडे घेतली की स्वरयंत्राच्या दोन्ही बाजू आत कोसळतात, श्वास अडतो आणि घोरल्यासारखा आवाज येतो. उभ्या घोड्याच्या नाकातून नळी घालून पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं. मान वाकवून, पळवून, तेव्हाच आतून पाहिलं तर सापडतं. मान गोल ठेवून ड्रेसाज (ठरलेल्या चाली आणि वळणं अचूक करून दाखवायची स्वारी) करायचा बेत असेल तर हा घोडा वेगात, मान वाकवून, किमान पाच मिनिटं पळवून ऐका. फक्त जंगलातल्या फेऱ्यांसाठी, मोकळ्या मानेने बसणार असाल, तर या दोषाची अडचण फारशी येत नाही.

जड जातींबद्दल थोडक्यात. डेन्मार्कचा जटलंड म्हणजे सुरंग (तांबूस) रंगाचा, फिकट आयाळीचा, 650 ते 800 किलोचा घोडा. 1862 साली इंग्लंडहून आणलेल्या ओपनहाइम या नराचा या जातीवर मोठा ठसा आहे. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या बिअरच्या गाड्या याच घोड्यांनी ओढल्या. स्वीडिश आर्देन 1870 च्या दशकात बेल्जियमच्या बाजूने आणलेल्या घोड्यांपासून तयार झाला, आणखी जड. दोन्ही दिसायला भव्य, स्वभावाने लोण्यासारखे. पण मोठी जागा, मोठी वाहनं आणि रोजचं काम देता येणार नसेल तर घेऊ नयेत. पायांच्या दाट केसांखाली खरजेचे बारीक जीव घर करतात. घोडा रात्री पाय आपटतो, दातांनी टाचा खाजवतो. केस बारीक कापल्याशिवाय औषध कातडीपर्यंत पोचत नाही, आणि मालक नेमके तेच केस कापायला तयार नसतात. उलट टोकाला नॉर्वेचा नूरलान्स-लिंग्स, तिसरी राष्ट्रीय जात, 125 ते 145 सेंटीमीटरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास संपलाच होता. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी याच्याइतका समजूतदार घोडा शोधून सापडणार नाही. अडचण एवढीच की विकायला फार कमी येतो.

आता खाणं, कारण या घोड्यांची बहुतेक दुखणी इथून सुरू होतात. खडकाळ उतार, लांब हिवाळा, जाडंभरडं गवत: या खाण्यावर शेकडो वर्षं जगलेलं पोट आहे हे. त्याला सुपीक कुरण आणि वर चंदी (धान्याचा खुराक) दिली की रक्तातलं इन्सुलिन चढतं आणि खुराच्या आतला, हाड आणि कवच जोडणारा नाजूक थर सुटायला लागतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. एकदा आतलं हाड खाली फिरलं की घोडा पूर्ववत क्वचितच होतो. 450 किलोच्या, कमी काम असलेल्या फ्योर्डला वजन उतरवायचं असेल तर वजनाच्या दीड टक्का सुका चारा, म्हणजे पावणेसात किलो कोरडा भाग. गवतात थोडं पाणी असतंच, त्यामुळे प्रत्यक्ष काट्यावर साधारण पावणेआठ किलो. अंदाजाने पेंढी टाकू नये, जाळीत भरून काट्याला लावावी. याच्याखाली स्वतःच्या मनाने जाऊ नये; उपाशी ठेवलेल्या लठ्ठ घोड्याची चरबी रक्तात उतरून यकृत बिघडतं. गवताची साखर प्रयोगशाळेत तपासून घ्यावी आणि 10 ते 12 टक्क्यांच्या वर असेल तर थंड पाण्यात तासभर भिजवून, ते पाणी ओतून मग द्यावं. चंदी नको. तोबरा (तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी) लावायचाच असेल तर त्यात खनिजांची भुकटी आणि मूठभर ओला भुसा पुरे.

स्कॅन्डिनेव्हियात गवत बहुतेक वेळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मोठ्या गठ्ठ्यांतून, थोडं आंबवलेलं मिळतं. एक-दोन घोडे असलेल्याने मोठा गठ्ठा घेऊ नये, कारण उघडल्यावर उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत तो तापतो आणि बुरसतो. प्लास्टिक फाटलेला, आत मेलेला उंदीर किंवा पक्षी सापडलेला गठ्ठा संपूर्ण फेकायचा, फक्त तो भाग काढून चालत नाही. कुजक्या चाऱ्यातल्या जंतूंचं, बोट्युलिझम हा जीवघेणा आजार करणारं विष डोळ्यांना दिसत नाही. तिथल्या मातीत सेलेनियम कमी असतं, त्यामुळे ते खनिजातून द्यावं लागतं. पण दोन वेगवेगळ्या डब्यांतून दुप्पट दिलं तर तेच विष ठरतं. डब्यावरचे आकडे बेरीज करून पाहा.

कुरणाचा खरा धोका वसंतात आणि थंडी सुरू होताना असतो. गवत दिवसा उन्हात साखर बनवतं आणि रात्री वाढीसाठी वापरतं. रात्र गोठणबिंदूजवळ गेली की वाढ थांबते, साखर पात्यातच राहते. स्वच्छ ऊन, गारठलेली रात्र आणि सकाळी दवाने चमकणारं कुरण, या दिवसांत घोड्याला बाहेर सोडताना तोंडाला जाळी लावावी किंवा कोरड्या पटांगणात ठेवावं. गुडघ्याखाली, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवून नाडी शोधायची सवय लावा. निरोगी घोड्याची तिथली नाडी मुश्किलीने लागते. ती ठणठण लागली, खूर गरम लागला, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, तर त्याला चालवू नका, पायाखाली मऊ बिछाना टाका आणि त्याच वेळी पशुवैद्याला फोन करा. हे घोडे दुखणं बोलून दाखवत नाहीत. गरम रक्ताचा घोडा ज्या दुखण्याला आकांत करेल, त्याला हा फक्त खाणं अर्धवट सोडतो. फ्योर्डने खाणं अर्धवट सोडलं, एवढीच खूण पुरेशी धरावी.

हिवाळ्याची काळजी त्या मानाने सोपी. कोरडा निवारा आणि वाऱ्याला आडोसा असेल तर झुलीची गरज नाही. उलट झूल अंगावरचे फुललेले केस दाबते आणि घोडा गारठतो. पाणी मात्र कोमट हवं. बर्फाळ पाणी घोडा कमी पितो, सुकं गवत आतड्यात बसतं आणि पोटशूळ होतो. सुक्या गवतावरचा 450 किलोचा घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पितो, त्यामुळे बादलीत किती उरलं ते रोज पाहावं. नाल मारलेले असतील तर बर्फ नालाच्या आत साठून घट्ट गोळा होतो आणि घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा लडखडतो. नालाखाली फुगीर रबरी तळवा बसवला की प्रत्येक पावलाला तो बर्फ बाहेर ढकलतो. निसरड्या बर्फासाठी नालाला टोकदार खिळे लागतात. ते कोरड्या डांबरावर सांध्यांना हादरे देतात, म्हणून हंगाम सरला की काढून टाकायचे. वसंतात केस गळतात ते पोत्याने. रोज अर्धा तास खरारा केला नाही तर खाली कातडी कोंडते. उन्हाळ्यात चिलटांचा त्रास होतो, शेपटीच्या मुळाशी आणि आयाळीखाली घोडा रक्त येईपर्यंत खाजवतो. मेंढ्यांत नीलजिव्हा पसरवणारी चिलटं याच कुळातली. संध्याकाळी आणि पहाटे घोडा आत ठेवावा, बाहेर असेल तर जाळीची झूल.

पुणे-नाशिककडे असा घोडा मागवायचा विचार कुणी करत असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. एवढ्या जाड अंगाला, दाट केसांना कोकणातली दमट हवा किंवा मराठवाड्यातला उन्हाळा घाम काढूनही सोसवत नाही. इथल्या हवेला भीमथडी, काठियावाडी, मारवाडी घोडे आहेत, आणि सारंगखेड्याच्या बाजारात ते निवडून घेता येतात.

तिकडे राहून घेणार असाल, तर घोडा पाहायला जाताना सांगून जाऊ नका की किती वाजता पोचाल, म्हणजे तो आधी फिरवून, शांत करून ठेवलेला नसेल. तबेल्यातून बाहेर काढल्यापासून कडक जमिनीवर चालताना, वळताना पाहा. चारही खुरांची कवचं पाहा: आडव्या लाटा टाचेकडे एकमेकींपासून लांब होत गेल्या असतील तर पूर्वी लॅमिनायटिस होऊन गेला आहे. रक्तातल्या इन्सुलिनची तपासणी मागा. सौदा ठरला तर विक्रेत्याकडून त्याच गवताचे दोन आठवड्यांपुरते गठ्ठे सोबत घ्या, आणि नव्या गवताचं प्रमाण रोज थोडं वाढवत चौदाव्या दिवशी पूर्ण बदला. त्याच दिवसापासून वजनाचा अंदाज देणारी छातीभोवतीची फीत दर दोन आठवड्यांनी, एकाच माणसाने, एकाच वेळी लावायची आणि आकडा दारामागे खडूने लिहून ठेवायचा.